मामांच्या तीन पद्धती

जगातली कुठलीही गोष्ट एकटी असली की ती आमच्या मामेसासऱ्यांना दिसत नाही. तिच्यासारख्या आणखी दोन तिच्या शेजारी आणून ठेवा, तिघींवर सारखा उजेड पाडा, मग त्यांना ती दिसते आणि मग मात्र इतकी दिसते की पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय निघत नाही. हे माझ्या बायकोचे मामा, म्हणून आम्हा सगळ्यांचेच मामा. 'चहा कसा झालाय' असं त्यांना कुणी विचारलं तर ते प्रामाणिकपणे गोंधळतात आणि म्हणतात, "कशाच्या मानाने?" एकदा त्यांनी इंदूरच्या तीन दुकानांतल्या पोह्यांची तुलना करायचं मनावर घेतलं. आता तुम्ही-आम्ही एका सकाळी तिन्हीकडे एकेक प्लेट खाऊन मोकळे झालो असतो. मामांचं म्हणणं असं की पहिल्या प्लेटीने भूक मरते आणि दुसऱ्या दुकानावर अन्याय होतो. तेव्हा तीन वेगवेगळे दिवस, सकाळी आठ वाजता, आणि भूक सारखी राहावी म्हणून तिन्ही दिवस आदल्या संध्याकाळी मुगाची खिचडी. ती सगळ्या घराला खावी लागली. चौथ्या दिवशी मामींनी विचारलं, "मग? कुठले चांगले?" मामा बराच वेळ वहीत बघत राहिले आणि म्हणाले, "ते भूक किती आहे त्यावर डिपेंड करतं." मामींनी त्या दिवशी पुन्हा खिचडी केली, पण ती रागाने.

लग्नासाठी मुली पाहिल्या त्याही तीनच. तिन्ही घरी एकच सदरा, तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. मामी तिसऱ्या. इतकी वर्षं झाली तरी मामी पाहुण्यांना सांगतात, "मी काही ह्यांची पसंती नाही. मी ह्यांचा निष्कर्ष आहे." मल्हारगंजातल्या घरातून अन्नपूर्णा वस्तीत माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, स्कूटरने जायला कुठला रस्ता बरा याचाही निकाल त्यांनी एकदा लावायला घेतला होता. तिसऱ्या रस्त्यात एक सांड बसला होता. मामा तिथून परत फिरले आणि तिन्ही रस्ते पुन्हा पहिल्यापासून केले, कारण पहिल्या दोघांना सांड मिळाला नव्हता. सासूबाईंचं जेवण थंड झालं. मामा पोचले तेव्हा त्यांचा चेहरा मात्र एखाद्याचं देणं फेडून आल्यासारखा होता.

त्यांची दुसरी एक सवय मला सुरुवातीला फार विचित्र वाटायची. तुमच्याशी बोलण्याआधी ते तुमच्याकडे क्षणभर नुसतं बघतात. कुठे उभे आहात, तोंड कुणीकडे आहे, मध्ये काही आड येतंय का, सगळं बघून घेतात आणि मग तोंड उघडतात. नवीन माणसाला वाटतं, हे आपलं नाव विसरले. लग्नाच्या मांडवात मी जावई म्हणून पाटावर बसलेला असताना हे समोरच्या गर्दीतून माझ्याकडे असंच बघत राहिले आणि मग आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाले, 'डाव्या खांद्यावर अक्षता.' मला शब्द न शब्द कळला. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोला काहीच कळलं नाही. तिने मला नंतर सांगितलं की ही मिलची भाषा आहे, मामांकडून आम्ही सगळी भावंडं लहानपणी शिकलो, फक्त ती आपल्याकडे तोंड करून बोलली तरच कळते.

मामा एका कापड मिलमध्ये विजेच्या खात्यात सहायक इंजिनियर होते. विणाईच्या शेडमध्ये शेकडो लूम एकदम चालत. आत पाऊल टाकलं की कानांचा उपयोग संपायचा. त्या आवाजात कामगार ओरडत नसत, ओठ आणि बोटं हलवून शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला सुखदुःखाच्या गोष्टी करत. मामा तिथे मोटारी दुरुस्त करायला जात आणि ते बोलणं बघत उभे राहत. पुढे मिल बंद पडली. भोंग्यावर चहा टाकणाऱ्या आमच्या गल्लीचा चहा आठवडाभर उशिरा झाला, मग लोकांनी गजराची घड्याळं घेतली. मामांचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे. ते दोन वर्षं लोकांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत होते आणि त्या काळात मामींच्या तोंडचा एक शब्द मला अजून आठवतो. कुणी विचारलं, कसं चाललंय, की त्या म्हणायच्या, "टेम्परवारी."

त्या दिवसांत इंदूरच्या आसपास जमिनीतून काय उगवेल याचा नेम नव्हता. सिमरोलच्या वाटेवर सोयाबीनच्या शेतात एक खासगी इंजिनियरिंग कॉलेज उगवलं. संचालक तेलाच्या धंद्यातून शिक्षणात आलेले, मनाने दिलदार. त्यांनी मामांना लेक्चरर म्हणून घेतलं आणि सांगितलं, "सरजी, आप पीएच. डी. कर लीजिए, हम परमानेंट कर देंगे." परमानेंट या शब्दासाठी मामींनी त्या वर्षी सोळा सोमवार केले. मामांनी पीएच. डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला तुलनेचा. दुसरा कुठला घेणार?

विषय मोबाईलचा होता. तेव्हा शहरात मोबाईल बाळगणारे लोक बोटांवर मोजण्याइतके, आणि मामांकडे तर घरचा फोनही नव्हता. त्यांनी मला विषय समजावला तो असा. टॉवरवर एक अँटेना नाही, पुष्कळ आहेत असं समजा. त्याला एकाच वेळी, एकाच लहरीवर दहा जणांशी बोलायचंय आणि प्रत्येकाला फक्त आपलंच बोलणं ऐकू यायला हवं. त्यासाठी बोलणं हवेत सोडण्याआधीच घडवावं लागतं, कुठल्या अँटेनातून किती आणि कसं सोडायचं ते ठरवून. याला प्रीकोडिंग म्हणतात. ते करण्याच्या मुख्य पद्धती तीन. हे 'तीन' ऐकून मला मामांची निवड एकदम पटली.

"पहिली पद्धत म्हणजे तुमची मामी," मामा म्हणाले. "ज्याला सांगायचं त्याच्या दिशेला पूरा जोर. बाकीच्यांच्या कानात गेलं तर ती त्यांची किस्मत." हे खरं होतं. मामी ओट्यापाशी उभ्या राहून मला 'जेवून जा' म्हणाल्या की समोरच्या घरातला माणूसही चपला काढायचा. "दुसरी पद्धत म्हणजे तुमच्या सासूबाई. बाकी कुणाला एक अक्षर ऐकू जाता कामा नये, सगळी शक्ती त्यातच खर्च. ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत मग जितकं पोचेल तितकं." हेही खरं. सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन ते घरी आले तेव्हा मला कळलं की सासूबाईंनी ते मला आठवडाभर आधी सांगितलेलं होतं. "आणि तिसरी म्हणजे दोघींच्या मधली. थोडा जोर, थोडी काळजी, आणि थोडं इकडेतिकडे सांडलं तर सांडू द्यायचं." ही आपल्या घरात कुणाकडे आहे, असं मी विचारलं. मामांनी घरातली सगळी माणसं मनातल्या मनात तपासली आणि म्हणाले, "आपल्याकडे नाहीये."

माझं मल्हारगंजात टायपिंगचं आणि कॉम्प्युटरचं सेंटर होतं. पुढच्या खोलीत टाइपरायटर खडखडत, मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर. रविवारी सेंटर बंद, म्हणून रविवार मामांचे. सकाळी येऊन ते आपला प्रोग्राम चालू करत आणि कॉम्प्युटरला पाठ न दाखवता खुर्चीत बसत. हिशोब पुरा व्हायला सात तास लागत आणि वीज बहुतेक सहाव्या तासाला जाई. दुसरा कुणी कपाळ बडवून घेईल. मामा शांतपणे वहीत लिहीत, 'वीज गेली, तिन्ही पद्धतींना सारखीच,' आणि पुढच्या रविवारी पुन्हा येत. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. माझा मुलगा त्या काळात रांगायचा तो शाळेत जायला लागला. शेवटी निकाल लागला. दुसरी पद्धत जिंकली. सासूबाईंना ही बातमी मामांनी स्वतः जाऊन सांगितली, त्या खूश झाल्या आणि ती त्यांनी आणखी कुणाला तरी सांगितली असावी, पण कुणाला ते कळायला मार्ग नाही. मामी मात्र मनाला लावून घेऊन बसल्या. "इतक्या वर्षांच्या संसारात शेवटी ताईच बरोबर," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते चौकापर्यंत ऐकू गेलं.

तरी प्रबंध पूर्ण झाला याचा आनंद त्यांनाच सगळ्यांत जास्त होता. कारण संचालकांचा धीर सुटत चालला होता. दोनदा मुदत वाढवून झाली होती आणि आता त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की मार्चअखेर प्रबंध विद्यापीठात जमा झाला तर नोकरी पक्की, नाही तर ती जागा एका तरुण मुलाला जाईल आणि मामा दर वर्षी नेमणुकीच्या नव्या चिठ्ठीवर राहतील, ठेवलं तर. मी सगळा प्रबंध टाइप करून दिला. बाइंडरकडून पाच प्रती बांधून यायच्या होत्या. मामींनी पेढे आणून फ्रिजमध्ये ठेवले होते आणि डब्याला हात लावू देत नव्हत्या.

प्रती घेऊन आले ते जॉबरकाका. हे मामांच्याच मिलमध्ये विणाई खात्याचे जॉबर, म्हणजे लूमवाल्यांचे मुकादम. त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत होते, त्यामुळे चाल अजून ताठ. मिल गेल्यावर ते त्या बाइंडरकडे पुस्तकं शिवायला बसत, सुताची सवय हातात होतीच. काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या पाच प्रती त्यांनी माझ्या टेबलावर रचल्या आणि म्हणाले, "साहेब, एवढं मी आपल्या हातानं शिवलं, पण आत आहे काय?"

प्रतींसाठी माझ्याकडेच येऊन बसलेले मामा खुलले. त्यांनी मामी आणि सासूबाईंसकट सगळं सांगितलं. जॉबरकाकांना हसू आलं. "अरे, हे तर आपल्या शेडमधलंच आहे," ते म्हणाले. बाहेरच्या खोलीत आठ मुली टायपिंगची परीक्षा देत होत्या, तिथला खडखडाट चांगलाच होता. जॉबरकाका त्या खोलीच्या पलीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले, त्यांनी मामांकडे नीट बघून घेतलं आणि ओठ हलवायला लागले. मामा मान डोलवत होते, दोघांचे चेहरे वीस वर्षांनी लहान झाले होते. मध्येच काहीतरी लिहून घ्यावं म्हणून मामा पेनासाठी दोन पावलं बाजूला सरकले. जॉबरकाका बोलायचे थांबले.

"बोला की," मामा म्हणाले.

"तुम्ही हललात, साहेब. आता परत बघावं लागेल." जॉबरकाका आत आले आणि सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुमच्या पोथीतला टॉवरवाला कसा बघतो, कोण कुठं आहे ते?"

"ते त्याला माहीत असतं, असं आम्ही धरलंय. अझ्यूम केलंय."

"बोलायच्या आधी बघितलं, ठीक. पण बोलेपर्यंत तो हलला तर? लूमवाला एका जागी थोडीच उभा राहतो. शेडमध्ये नवीन पोरं हीच गलती करायची. बघायची एकीकडे, बोलेपर्यंत माणूस दुसरीकडे. मग गाली एकाला द्यायची, पोचायची दुसऱ्याला."

मामांनी वरची प्रत उघडली, तिसरं प्रकरण काढलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. जॉबरकाका चहा पिऊन गेले, मुलींची परीक्षा संपली, तरी ते वाचतच होते. मग खुर्चीत बसून मला म्हणाले, "जावईबापू, चक्कर मोठा झालाय. दुसरी पद्धत जिंकली ती ह्यामुळेच. बाकीचे जिथे आहेत नेमकं तिथेच ती गप्प राहते. ते तिथून सरकले की सगळा खेळ खलास. मी सतरा वर्षं त्या शेडमध्ये हे डोळ्यांनी बघितलं आणि लिहायला बसलो तेव्हा विसरलो."

मार्च संपायला सहा दिवस होते. मी त्यांना जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण ते मी बराच वेळ आणि फार शहाणपणाने सांगितलं. म्हणालो, मामा, प्रती द्या. सगळे असंच धरून चालतात. शिवाय तुमचाच नियम आहे, तिन्ही पद्धतींना सारखंच धरलंय, म्हणजे तुलना न्यायाची झाली. आणि शेवटी म्हणालो, हे कोण वाचणार आहे?

"मी वाचलं ना," मामा म्हणाले. "आणि धरलंय सारखं, पण ते खोटं आहे. खोट्याचा फायदा तिघींना सारखा होत नाही."

मामांनी प्रती दिल्या नाहीत. मार्च संपला. जागा तरुण मुलाला गेली. तो मुलगा चांगला होता, मामांचाच विद्यार्थी, पेढे घेऊन घरी आला तेव्हा मामींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत निघून गेल्या. त्यांनी कुणाला एक शब्दही दोष दिला नाही. त्या नुसत्या गप्प झाल्या. ज्या घरातून गल्लीला दिवसाचं वेळापत्रक कळायचं ते घर असं बंद झालं की शेजारचे लोक बरं आहे ना विचारायला येऊन गेले. मामी पोळी विचारतायत का भात, हेसुद्धा मामा त्यांच्या हाताकडे बघून ओळखायला शिकले. मला त्यांच्या घरी जायचा धीर होत नव्हता आणि रविवारी ते सेंटरवर आले की मी पुढच्या खोलीत काहीतरी काम काढून बसायचो.

अबोला पावसाळ्यापर्यंत टिकला. तो सुटला तोही तुलनेमुळेच. नवा हिशोब पुरा झाला, त्यात प्रत्येक माणूस थोडाथोडा हलत होता. मामांनी तिन्ही पद्धतींच्या रेघांचा तक्ता घरी नेऊन पलंगावर पसरला. मामी धुतलेले कपडे ठेवायला तिथे आल्या, त्यांनी तक्त्याकडे बघितलं आणि त्यांना राहवलं नाही.

"हे खाली घसरतंय ते कोण?"

"दुसरी पद्धत," मामा म्हणाले. "माणसं जास्त हलायला लागली की ती पहिलीच्याही खाली जाते."

"म्हणजे ताई माझ्याही खाली?"

"ह्या कंडिशनमध्ये, हो."

मामी पलंगावर बसल्या. मग फ्रिजकडे गेल्या, तिथे मार्चातले पेढे अर्थातच आता नव्हते, म्हणून नवे आणण्यासाठी मला बोलावून घ्यायला त्यांनी सांगितलं. बोलावणं पाठवावं लागलं नाही. मला माझ्या सेंटरमध्ये ऐकू आलं.

जिंकली तिसरी पद्धत. मामांना पुढे पीएच. डी. मिळाली, संचालकांनी शाल दिली, पण पक्की जागा परत निघाली नाही. दर जुलैत नवी चिठ्ठी, असं करत ते टेम्परवारीच निवृत्त झाले. त्यांच्या हाताखालची मुलं आज कुठल्या कुठल्या देशांत टॉवरचीच कामं करतात. तो पहिला प्रबंध, काळ्या रेक्झिनच्या पाच प्रती, मामांनी टाकला नाही. मामी त्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवतात, बांधणी जॉबरकाकांची असल्यामुळे अजून एक पान सुटलेलं नाही. जॉबरकाका स्वतः मात्र गेले.

परवा अन्नपूर्णेला एका नात्यातल्या मुलीचं लग्न होतं. मामांना आता फार कमी ऐकू येतं. शेडमधली वर्षं आता वसूल होतायत, असं ते म्हणतात. भाच्यांनी त्यांना मोबाईल घेऊन दिलाय, तो वाजलेला त्यांना कळत नाही आणि मामी हाक मारतात ती मात्र कळते. गाडीतून जाताना, का कोण जाणे, मी इतक्या वर्षांनी त्यांना विचारलं, "मामा, त्या वेळी प्रती दिल्या असत्यात तर बरं झालं असतं का हो?" ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

मांडवात डीजे असा चालू होता की खुर्च्यांचे पाय थरथरत होते. लोक एकमेकांच्या कानात ओरडत होते आणि तरी 'काय?' 'काय?' करत होते. मी हातात ताट घेऊन उभा होतो. पलीकडच्या टोकाला मामा मामींच्या शेजारी बसले होते. ते माझ्याकडेच बघत होते, तसे, नाव विसरल्यासारखे. मग त्यांचे ओठ हलले.

'दिल्या असत्या तर मामीला बरं झालं असतं,' ते म्हणाले. 'मला नाही.' आणि थोडं थांबून, 'जिलेबी तीन ठिकाणी ठेवलीय. तिन्हीकडची आणा.'

तीनचारशे माणसांत ते फक्त मला ऐकू आलं. शेजारी बसलेल्या मामींनाही नाही. त्या सहा दिवसांत मी त्यांच्यापेक्षा त्यांच्या नोकरीच्या बाजूने उभा होतो आणि ते मला त्यावरून कधी बोललेही नव्हते. मी ओठ हलवायला लागलो. मला ती भाषा वाचता येते, बोलायची सवय नाही. 'मामा, त्या दिवशी माझं चुकलं,' असं मी म्हणत होतो आणि डोळे पुसायला, कुणाला दिसू नये म्हणून, जरा बाजूला वळलो.

परत बघितलं तेव्हा मामांनी हात वर केला होता.

'हललात तुम्ही,' ते म्हणाले. 'परत सांगा.'

मी ताट खुर्चीवर ठेवलं, त्यांच्याकडे तोंड करून नीट उभा राहिलो आणि परत सांगितलं.